कापूस वेचणीचा भाव ठरवताना

वेचणीचा भाव कोणी एकटा ठरवत नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकमेकांवर आली की गावात बाया मिळत नाहीत आणि भाव चढतो. बोलणी तेव्हाच करा, तीही गटाने. एकेकीने केली की सगळ्यांत कमी सांगणारीचा भाव गावाचा होतो.

आधी किलोचा भाव रोजीत मोडून पाहा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, चांगली फुटली असेल तर सराईत बाई दिवसाला 50 किलोच्या आसपास वेचते. किलोला 10 रुपये धरले तर 500 पडतात. शेवटच्या वेचणीला बोंडं किडकी, कवडी (नीट न फुललेला, डागी कापूस) जास्त. 20 किलो निघाला तर त्याच भावाने हाती 200 येतात. भांडणं इथेच होतात. म्हणून दर वेचणीला भाव वेगळा ठरवा, नाहीतर शेवटची वेचणी रोजीने घ्या. रोजीत वेग कमी असतो, पण कापूस स्वच्छ येतो. किलोवर घाईने पालापाचोळाही ओटीत जातो.

खालची हद्द म्हणजे शेजारच्या गावची रोजी वजा ऑटोभाडं. शासनाने ठरवलेल्या किमान वेतनाखाली मात्र उतरू नका. वरची हद्द कापसाच्या भावाची. क्विंटलला 7,000 धरले तर किलोला 70. त्यातून बियाणं, खत, फवारणी, गाडीभाडं जातं. वेचणीचा भाव हाती राहणाऱ्या पैशांपलीकडे गेला तर शेतकरी उरलेला कापूस सोडून पऱ्हाटीत ढोरं घालतो.

काटा रिकामा असताना शून्यावर आहे का पाहा, फडक्याचं वजन वेगळं वजा करा. दव वाळल्यावरच वेचा: ओला कापूस जड भरतो आणि मग मालक अंदाजाने कट्टी लावतो, म्हणजे वजनात कपात करतो. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस घेतच नाहीत, त्यामुळे त्याचाही नाइलाज असतो.

फाल्गुन-चैत्रात कोरडवाहू रानात कामच नसतं. तेव्हा रोजी पाडून मागितली तरी काम वाढत नाही, फक्त पुढच्या हंगामाची बोलणी खालून सुरू होते. त्याऐवजी ग्रामपंचायतीत रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्या. 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता मागता येतो. मात्र तारखेची पोच हातात घ्या. रोजगार सेवकाला तोंडी सांगून आलात तर ते 15 दिवस कुठून मोजायचे हेच सिद्ध करता येत नाही.