'इंडेक्स' आणि 'रेलगन' कोणत्या क्रमाने बघावं

'अ सर्टन मॅजिकल इंडेक्स' ही जपानी ॲनिमे मालिका बघायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करू? इंडेक्सचे तीन सीझन, त्याच जगात घडणाऱ्या 'अ सर्टन सायंटिफिक रेलगन'चे तीन, 'ॲक्सेलरेटर'चा एक, शिवाय एक चित्रपट. नुसत्या मालिकांचे भाग मोजले तरी 159 होतात. इंटरनेटवर क्रमाबद्दल इतके वाद आहेत की ते वाचूनच बघायचा उत्साह जातो.

मला विचाराल तर क्रमाचा निर्णय एका गोष्टीवर होतो. या मालिकेत तीच घटना दोनदा दिसते, दोन वेगळ्या माणसांच्या बाजूने. कोणती बाजू आधी बघायची एवढं ठरवलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आधी हे जग समजून घ्या

मूळ गोष्ट काझुमा कामाची यांच्या लाइट नॉव्हेलची, म्हणजे तरुण वाचकांसाठीच्या सचित्र जपानी कादंबरीमालिकेची. पहिला खंड 2004 मध्ये आला. चित्रं कियोताका हाइमुरा यांची, ॲनिमे जे. सी. स्टाफ या स्टुडिओचा.

गोष्ट घडते टोकियोच्या पश्चिमेकडच्या ॲकॅडमी सिटी या काल्पनिक शहरात. वस्ती 23 लाख, त्यातले 80 टक्के विद्यार्थी. इथे मुलांमध्ये शास्त्रीय प्रयोगांनी अतींद्रिय शक्ती जागवतात आणि त्यांना लेव्हल 0 ते 5 अशा पायऱ्या देतात. लेव्हल 5 ची मुलं सगळ्या शहरात फक्त सात. शहराच्या भिंतीबाहेर जादूचं जग आहे: चर्च, मंत्र, जुने ग्रंथ. ज्यांच्याकडे उपजत शक्ती नव्हती, त्यांनी ती मिळवण्यासाठी जादू घडवली, असं ही गोष्ट सांगते. एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवा. प्रयोगातून शक्ती मिळालेल्या मुलाने जादू वापरली तर त्याचं शरीर आतून फाटतं. पुढचे बरेच प्रसंग या एका नियमावर उभे आहेत.

इंडेक्सच्या पहिल्या सीझनपासून सुरुवात करा (2008, 24 भाग)

20 जुलै, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला दिवस. तोमा कामिजो गादी उन्हात टाकायला बाल्कनीत येतो, तर कठड्यावर पांढऱ्या झग्यातली एक मुलगी वाळत घातलेल्या गादीसारखी लोंबकळत असते. तिला भूक लागलेली असते. हीच इंडेक्स. तिच्या डोक्यात 1,03,000 जादूचे ग्रंथ पाठ आहेत. तोमा लेव्हल 0, पण त्याच्या उजव्या हाताचा स्पर्श झाला की जादू असो वा अतींद्रिय शक्ती, ती तिथेच संपते.

पहिले सहा भाग ही एक सलग गोष्ट आहे. ती सलगच बघा आणि सहावा भाग संपेपर्यंत मत बनवू नका. 7 ते 9 या भागांची गोष्ट थोडी विस्कळीत आहे, तिथे कंटाळा आला तरी थांबू नका. 10 ते 14 यांच्यासाठी मात्र फोन बाजूला ठेवून बसा. त्याबद्दल पुढे लिहितो.

मग रेलगनचा पहिला सीझन (2009, 24 भाग)

आता शहर तेच, पण डोळे मिकोतो मिसाकाचे. लेव्हल 5 मधली तिसऱ्या क्रमांकाची मुलगी, विजेवर हुकूमत असलेली. हीच रेलगन. पहिल्याच भागात ती व्हिडिओ गेम पार्लरमधलं नाणं अंगठ्याने उडवते आणि बँक लुटून पळणाऱ्यांच्या गाडीवर सोडते. नाण्याचा वेग ध्वनीच्या तिप्पट. पल्ला मात्र 50 मीटरच, कारण त्यापुढे घर्षणाने नाणंच वितळतं. शक्ती कुठे संपते हेही सांगायचं, ही या मालिकेची सवय मला फार आवडते.

पहिल्या बारा भागांत शक्तीची पायरी वाढवणाऱ्या 'लेव्हल अपर'चं प्रकरण आहे. लेव्हल 0 च्या मुलांना शक्तीची केवढी आस असते, ते इथे कळतं. इंडेक्समध्ये ही मुलं जवळजवळ दिसतच नाहीत.

त्यानंतर इंडेक्सचा दुसरा सीझन (2010, 24 भाग).

एकच रात्र दोनदा बघा

आता रेलगनचा दुसरा सीझन, रेलगन एस (2013, 24 भाग). पहिले 16 भाग म्हणजे इंडेक्सच्या 10 ते 14 या भागांतलं सिस्टर्स प्रकरण (मिसाकाच्या क्लोनवरच्या प्रयोगांचं), मिसाकाच्या बाजूने.

रात्रीचा पूल आहे. मिसाका समोरच्या मुलावर वीज सोडते आणि तो उजवा हात वरच करत नाही. इंडेक्समध्ये हा प्रसंग येतो तेव्हा तोमाला जेवढं कळलंय तेवढंच आपल्याला माहीत असतं. रेलगन एसमध्ये त्या पुलापर्यंत आपण मिसाकाबरोबर चालत आलेलो असतो: तिने रात्री एकटीने उद्ध्वस्त केलेल्या प्रयोगशाळा, मैत्रिणींसमोर हसून लपवलेला थकवा, सगळं बघून. संवाद जवळपास तेच, पण या वेळी माझा घसा दाटून आला. क्रम उलटा केलात तर इंडेक्समधले ते पाच भाग घाईत उरकल्यासारखे वाटतात. म्हणून इंडेक्स आधी.

इथे क्रम थोडा बदला

प्रदर्शनाच्या क्रमाने पुढे इंडेक्सचा तिसरा सीझन येतो. मी आधी रेलगनचा तिसरा सीझन, रेलगन टी (2020, 25 भाग) बघायला सांगेन. त्यातलं क्रीडा महोत्सवाचं प्रकरण इंडेक्सच्या दुसऱ्या सीझनमधल्या त्याच दिवसांत घडतं. ते डोक्यात ताजं असेल तर जास्त रंगतं. 2013 चा चित्रपट रेलगन एसनंतर कधीही बघा, नाही बघितला तरी काही अडत नाही.

तिसरा सीझन सावकाश घ्या

पहिल्या सीझनने 24 भागांत सहा खंड सांगितले. 2018 च्या तिसऱ्या सीझनने 26 भागांत 14 ते 22 असे नऊ खंड सांगितले. माणसं येतात, नाव सांगतात, लढतात आणि जातात. गोंधळ होतो तो तुमच्या समजुतीचा दोष नाही, जागाच कमी पडली आहे. रोज दोनच भाग बघा आणि कोण कोणाच्या बाजूचा, हे वहीत दोन ओळींत टिपा. ॲक्सेलरेटरची मालिका (2019, 12 भाग) शेवटी बघा.

आवाज जपानीच ठेवा

जपानी आवाज आणि खाली सबटायटल असंच बघा, कारण नावांतच अर्धी गंमत आहे. पुस्तकात एखादं नाव चित्रलिपीत लिहिलेलं असतं आणि त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत वेगळाच उच्चार दिलेला असतो. 'ॲक्सेलरेटर' असा उच्चार, पण खालच्या अक्षरांचा अर्थ 'एकेरी वाहतूक'. ज्याला येणाऱ्या कुठल्याही माऱ्याची दिशा वळवता येते, त्या मुलाचं हे नाव. 'इंडेक्स'च्या अक्षरांचा अर्थ 'बंदी घातलेल्या ग्रंथांची यादी'. कॅथलिक चर्चची अशी यादी खरोखरच होती, ती 1966 मध्ये रद्द झाली.

घरात लहान मुलं असतील तर आधी एकट्याने बघा. सिस्टर्स प्रकरणातला रक्तपात अंगावर येतो, ॲक्सेलरेटरची मालिका त्याहून हिंसक आहे, आणि मुलींना अर्धवट कपड्यांत दाखवणारे प्रसंग इंडेक्समध्ये अधूनमधून येतात. ते मला खटकतात. चौदा-पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर बघायला हरकत नाही, पण शेजारी बसून बघा.

गोष्ट इथे संपत नाही. 22 खंडांची मूळ मालिका 2010 मध्ये पूर्ण झाली, पुढच्या वर्षी दुसरी पुस्तकमालिका सुरू झाली आणि 2020 पासून तिसरी चालू आहे. मूळ 22 खंड इंग्रजीत येन प्रेसने काढले आहेत. तिसरा सीझन डोक्यावरून गेला असेल तर चौदाव्या खंडापासून वाचायला घ्या.