जुन्या सीडीतला पोपटमासा
माळ्यावर समुद्रातल्या प्रवाळांची माहिती देणारी १९९६ सालची सीडी सापडली. भाचीला दाखवायला लॅपटॉपला लावली, तर सेटअप (प्रोग्राम बसवणारी फाइल) उघडेचना. सीडीवर ओरखडाही नव्हता. सेटअप १६-बिट, म्हणजे फार जुन्या विंडोजसाठीचा, आणि लॅपटॉपवरची ६४-बिट विंडोज तसला चालवतच नाही. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (जुने प्रोग्राम चालवायची विंडोजची सोय) उगाच तासभर घालवला. शेवटी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) जुनी ३२-बिट विंडोज एक्सपी टाकली, सीडीची आयएसओ (फाइलरूपी नक्कल) करून जोडली. सुरू झालं, पण रंगांचा पार विचका! शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये '२५६ रंग'वर टिक केली, तेव्हा कुठे पोपटमासा निळा-हिरवा दिसला. क्लिक केलं की प्रवाळ कुरतडतो आणि मागून वाळू सोडतो.
"मामा, हा बीचवर शी करतो?"
करतोच की! प्रवाळ बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच. व्हिडिओंना आवाज मात्र अजून नाही.