रोझमेरी बियांपासून लावायची असेल तर

आधीच सांगते, हे पेशन्सचं काम आहे. बी उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त, आणि पेरलेलं सगळं उगवतच नाही, त्यामुळे जितकी रोपं हवीत त्याच्या तिप्पट-चौपट बिया टाका. बी ताजं घ्या, दोन-तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेलं पाकीट असेल तर नुसती माती बघत बसायची वेळ येते.

बागेतली माती नको, जड होते. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) नाहीतर जाड वाळू. ओलं करून मुठीत दाबा, गोळा झाला पाहिजे पण पाणी ठिबकता कामा नये, आणि बोटाने टोचलं की गोळा फुटला पाहिजे. बिया वर पसरून हलक्या हाताने दाबा, वरून माती अगदी भुरभुरवल्यासारखी, खोल पुरल्या तर संपलंच. २० ते २५ डिग्री, भरपूर उजेड, पाणी फक्त स्प्रेने. वर प्लॅस्टिक झाका पण रोज थोडा वेळ उघडा, आणि कोंब दिसले की काढूनच टाका.

माझा पहिला ट्रे इथेच गेला. कोंब आले म्हणून खुशीत सकाळ-संध्याकाळ पाणी, चौथ्या दिवशी बघते तर देठ मातीजवळ दोऱ्यासारखे बारीक होऊन सगळी आडवी. बुरशी, दुसरं काही नाही. झाकण आणि जास्तीचं पाणी दोन्ही भोवलं.

पहिली दोन पानं गोलसर असतात, तण समजून उपटू नका!! सुईसारखी पानं नंतर येतात, ती चोळली की वास येतो, मग खात्री पटते. रोप सात-आठ सेंमी झालं की भोकं असलेल्या कुंडीत हलवा, मातीची कुंडी बेस्ट, रोज सहा तास तरी ऊन हवं पण आधी आठवडाभर थोडं थोडं वाढवत न्या. वरची दोन-तीन सेंमी माती सुकली की मगच पाणी. मुळं कुजली तरी पानं सुकल्यासारखीच दिसतात आणि आपण तहान लागली समजून अजून ओततो, म्हणून आधी मातीत बोट घाला.

पहिल्या वर्षी स्वयंपाकासाठी फार तोडू नका, फक्त शेंडे खुडा म्हणजे फुटवे येतील. आणि कोणाकडे झाड असेल तर सरळ फांदी मागून लावा, झाड लवकर होतं आणि अगदी त्यांच्यासारखंच होतं, बियांच्या रोपांचं तसं नसतं. मी तरीही दरवर्षी एक ट्रे पेरते, हौस.