बेक्झारोटीन चालू आहे? मग या चुका टाळा

मायकोसिस फंगॉइडिस हे नाव ऐकलं की घरात पहिला शब्द निघतो तो फंगस, आणि मग कोणीतरी खाजेची ट्यूब आणून देतंच. यात फंगस कुठेच नाहीये. त्वचेत येऊन बसलेल्या टी-सेल्सचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, हा कॅन्सर आहे, आणि बेक्झारोटीन हे त्यावरचं व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध, अमेरिकेत 1999 मध्ये मंजूर झालेलं.

व्हिटॅमिन ए च्या कुळातलं म्हटलं की लोक दुकानातून व्हिटॅमिन ए च्या गोळ्या आणून जोडीला सुरू करतात, जास्त फायदा होईल म्हणून. असं अजिबात करू नका. बेक्झारोटीन पेशीतल्या आरएक्सआर नावाच्या रिसेप्टरला चिकटून काम करतं, ते काम त्या गोळ्या करत नाहीत, उलट दोन्हींचा त्रास मात्र एकत्र होतो. मल्टीव्हिटॅमिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना दाखवा.

आता थायरॉइडचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमच्या घरी हे झालंय. बाबांच्या रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन, एकदम खाली आला, आणि ज्यांना हे औषध माहीत नव्हतं अशा एका डॉक्टरांनी थायरॉइड वाढलंय असं समजून त्यांची थायरॉइडची गोळी कमी केली. पंधरा दिवसांत बाबा पंख्याखालीसुद्धा स्वेटर घालून बसायला लागले, दिवसभर झोप, चेहरा सुजलेला, बोलणंसुद्धा हळू. झालं असं की हे औषध मेंदूतल्या पिट्युटरीलाच गप्प करतं, त्यामुळे टीएसएच खाली आणि थायरॉइडचं हार्मोनही खाली, दोन्ही एकदमच. म्हणून इथे टीएसएच बघून गोळी ठरवायची नाही, फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, बघायचा. रिपोर्ट कुठल्याही डॉक्टरांना दाखवताना 'बेक्झारोटीन चालू आहे' हे पहिलं वाक्य असू द्या.

दुसरं म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. ते बहुतेकांचे वाढतात, कधी कधी भयंकर वाढतात, आणि त्यातून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटात वरच्या बाजूला दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या होत असतील तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. टेस्ट उपाशीपोटीच करा, चहा पिऊन गेलात तर आकडा फसवा येतो. सुरुवातीला दर आठवड्याला टेस्ट असते, कंटाळा येतो, पण चुकवू नका. चरबी कमी करायला जेमफिब्रोझिल मात्र या औषधाबरोबर चालत नाही, त्याने रक्तातलं बेक्झारोटीन वाढतं, फेनोफायब्रेट चालतं. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची.

हे औषध त्वचेवर लावायच्या जेलमध्येही येतं. जेल लावणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे जाड थर आणि घाई. पहिला आठवडा एक दिवसाआड, मग सोसेल तसं दर आठवड्याला वाढवत न्यायचं. फक्त चट्ट्यावर लावा, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागलं की ती लाल होऊन चुरचुरते आणि आपल्याला वाटतं आजार पसरला. आंघोळीनंतर वीस मिनिटं थांबा, लावल्यावर पाच-दहा मिनिटं वाळू द्या मगच कपडे घाला, वर पट्टी गुंडाळू नका. डीट असलेलं डास पळवायचं क्रीम या काळात वापरू नका. उन्हात त्वचा लवकर भाजते, अंग झाकून निघा.

महिन्याभरात फरक नाही म्हणून स्वतःहून बंद करणारेही खूप आहेत. याला वेळ लागतो, काहींना कित्येक महिने.

आणि प्रेग्नन्सी. पोटातल्या बाळाला यामुळे गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून औषधाच्या एक महिना आधीपासून ते बंद केल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भनिरोधाचे दोन उपाय एकदम वापरायचे, आणि त्यातला एक हार्मोनचा नको, कारण गर्भनिरोधक गोळ्यांचा असर या औषधाने कमी होऊ शकतो. पुरुषांनीही, बायको प्रेग्नंट असेल किंवा होऊ शकत असेल तर, औषध चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना कंडोम वापरायचा. याच कुळातलं ॲसिट्रेटिन हे दुसरं औषध चालू असेल तर बाईसाठी बंद केल्यानंतरची ही मुदत एक महिना नाही, तीन वर्षं आहे, आणि बाईने ते चालू असताना आणि बंद केल्यावर दोन महिने दारूचा थेंबही घ्यायचा नाही कारण दारूमुळे ते शरीरात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या दुसऱ्या रूपात बदलतं.