चौघांनी मिळून हाफ आयर्नमॅन: जूनपासून मिरामारपर्यंतची तयारी

गोव्याची हाफ आयर्नमॅन म्हणजे मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहणं, लगेच ९० किमी सायकल आणि त्यावर २१.१ किमी धावणं. शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. म्हणजे पुण्या-कोल्हापूरकडच्या माणसाची बहुतेक तयारी भर पावसाळ्यात होते, आणि वेळापत्रक आखताना सगळ्यात आधी हेच बघायचं. २० आठवडे धरले तर सुरुवात जूनच्या मध्यावर.

तयारीच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाला तीन गोष्टी जमायला हव्यात: जलतरण तलावात न थांबता ४०० मीटर, सायकलवर ४० किमी आणि १० किमी धावणं. पोहणं अजिबात येत नसलेल्या मित्राला २० आठवड्यांत समुद्रात उतरवायचा हट्ट करू नका. रिलेचा पर्याय बघा, त्यात त्याला नुसती सायकल किंवा नुसतं धावणं करता येईल. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

मित्रांबरोबर नेमकं काय बिघडतं

हा लांब ट्रायथलॉनचा (पोहणं, सायकल, धावणं एकामागोमाग) प्रकार जन्मला तोच वादातून. जास्त दमदार कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, यावरून १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली शर्यत झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. तोच वाद प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि सराव तोच बिघडवतो. चौघं एकत्र निघाले की सगळे मधल्याच वेगाने जातात. हळू असलेल्याचा सोपा दिवस अवघड होतो, वेगवान असलेल्याचा अवघड दिवस सोपा होतो, आणि आठव्या आठवड्यात एकाचा गुडघा दुखायला लागतो.

उपाय असा, की एकत्र निघायचं, एकत्र परतायचं, मधल्या वाटेत वेग ज्याचा त्याचा.

धावताना हे अगदी सोपं आहे. अंतर ठरवूच नका, वेळ ठरवा. सगळ्यांनी ४० मिनिटं पुढे जायचं, घड्याळ वाजलं की आहे तिथून मागे फिरायचं. एक जण ७ किमीवरून वळेल, दुसरा ५ किमीवरून, पण जाता-येता वेग सारखा ठेवला तर सगळे बरोबर ८० मिनिटांनी चहाच्या टपरीवर हजर. शिवाय परतताना जो इतरांच्या नंतर पोचतो, तो जाताना जास्त जोरात गेला होता हे न सांगता कळतं.

घाटातही असंच. पुण्याजवळच्या बोपदेव घाटासारखा चढ घ्या. प्रत्येक जण आपापल्या दमाने चढतो, वर पोचलेला वळून शेवटच्याला गाठायला खाली येतो आणि त्याच्याबरोबर पुन्हा चढतो. त्याचे चढ जास्त होतात, कुणी ताटकळत नाही. तलावात सगळ्यांनी दर ३ मिनिटांनी एकत्र सुटायचं. वेगवान माणूस १०० मीटर करेल, हळू असलेला ७५. दोघांनाही विश्रांती साधारण सारखी मिळते.

आठवडा कसा भरायचा

सुरुवातीला ६-७ तास, सोळाव्या-सतराव्या आठवड्यात जास्तीत जास्त ११. तीन आठवडे चढते ठेवायचे, चौथा ४० टक्क्यांनी हलका. हा हलका आठवडा ग्रुपमध्ये हमखास बुडवला जातो, कारण त्यातच कुणाला तरी नवीन घाट सुचतो. तो बुडवू नका. ताकद वाढते ती त्याच दिवसांत.

मधल्या टप्प्यातला आठवडा साधारण असा: सोमवार सुट्टी. मंगळवारी तासभर वेगाचं पोहणं आणि अर्धा तास व्यायाम (बैठका, लंजेस, प्लँक, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं). बुधवारी तासभर सायकल, पाऊस असेल तर घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड). गुरुवारी पोहणं आणि ४० मिनिटं सोपं धावणं. शुक्रवारी ४५ मिनिटं धावणं, त्यातली मधली २० मिनिटं थोडं जोरात. शनिवारी लांब सायकल आणि उतरल्या उतरल्या १५ मिनिटं धावणं. रविवारी लांब धावणं. सोपं म्हणजे किती, तर पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. ग्रुपमध्ये ही चाचणी फुकट होते. बोलणं थांबलं की वेग कमी करा.

लांब धावणं आठवड्याला १० मिनिटांपेक्षा जास्त वाढवू नका आणि १८ किमीच्या पुढे जायची गरज नाही. लांब सायकल ४० वरून ९० किमीपर्यंत न्या, आणि ९० किमी तरी तीनदा झालेली असू द्या. चुकलेला दिवस भरून काढायचा नसतो. ताप आला, खोकला छातीत उतरला, तर पूर्ण विश्रांती.

पोहणं

आधी स्वतःचा वेग मोजा. थोडं अंग मोकळं करून ४०० मीटर जोरात, मग १० मिनिटं विश्रांती, मग २०० मीटर जोरात. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मी करा. समजा ४०० ला ९:२० लागली आणि २०० ला ४:२४. फरक २९६ सेकंद, निम्मे १४८, म्हणजे १०० मीटरला २:२८. मंगळवारी याच वेगाने १० वेळा १०० मीटर, मध्ये २० सेकंद थांबून. चाचणी दर सहा आठवड्यांनी पुन्हा करा.

दम लागणाऱ्यांपैकी बहुतेकांची ताकद कमी नसते; ते पाण्याखाली श्वास धरून ठेवतात. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहा, वर आल्यावर फक्त आत घ्या. पाय बुडत असतील तर डोकं वर राहतंय का ते मित्राला काठावरून बघायला सांगा. मोबाइलवरचा २० सेकंदांचा व्हिडिओ तासभराच्या सल्ल्यापेक्षा जास्त दाखवतो.

पावसाळ्यात गोव्याच्या आणि कोकणच्या समुद्रात पोहायचं नाही. धरणांतही परवानगी नसेल तिथे उतरू नका. त्या चार महिन्यांत समुद्राची तयारी तलावातच करा, आणि इथे मित्र खरोखर कामाला येतात. तिघांनी एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी, हाताला हात लागेल इतकं जवळून ५० मीटर पोहायचं. धक्का लागला, गॉगल सरकला, नाकात पाणी गेलं तरी थांबायचं नाही. सुरुवातीच्या गर्दीत घाबरण्याची सवय इथे मोडते. दुसरा सराव: रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून १० हात मारा आणि आपण कुठल्या बाजूला भरकटतो ते बघा. तिसरा: दर आठव्या हाताला फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची, श्वास नेहमीसारखा बाजूलाच.

पुढच्या पोहणाऱ्याच्या पायांमागे राहून पोहणं नियमात बसतं आणि बरीच मेहनत वाचवतं. जोड्या लावून याचा सराव करा, पुढचा-मागचा बदलत.

ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळला की दोन-तीन रविवार मालवणच्या चिवला किंवा तुमच्या जवळच्या शांत किनाऱ्यावर जा. जीवरक्षकांना आणि स्थानिक मच्छीमारांना ओहोटीची वेळ आणि पाण्याची ओढ विचारून मगच उतरा. कमरेला भडक रंगाचा फुगा, किनाऱ्याला समांतर पोहणं, सारख्या वेगाच्या दोघांची जोडी. एक जण पाण्यात न उतरता काठावर थांबतो आणि आत जाताना-बाहेर येताना डोकी मोजतो. यात कधीच सूट नको. मान, काखा आणि जांघांना पेट्रोलियम जेली लावा. खाऱ्या पाण्यात अर्ध्या तासात कातडी सोलवटते.

सायकल

इथे ग्रुपचा सगळ्यात मोठा तोटा आहे. मित्राच्या मागे चिकटून चालवलं की वारा कापावा लागत नाही आणि पाव-एक मेहनत वाचते. शर्यतीत मात्र पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, ओव्हरटेक २५ सेकंदांत संपवावा लागतो, नाहीतर ५ मिनिटांची शिक्षा. दर शनिवारी दुसऱ्याच्या मागे चिकटून ३० चा वेग काढणारा माणूस गोव्यात एकटा २५ वर येतो आणि घाबरून जोर लावतो. त्यामुळे गावाबाहेर पडेपर्यंत आणि परतताना एकत्र, मधले ५०-६० किमी दोघांत सहा सायकलींचं अंतर ठेवून एकेकटं. पेडल मिनिटाला ८५ ते ९० फेऱ्यांनी फिरवा; जड गिअरवर रेटलेल्या मांड्या धावताना साथ देत नाहीत.

पावसात टायरमधली हवा नेहमीपेक्षा ५ पीएसआय कमी ठेवा, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबू नका, घरी आल्यावर चेन पुसून तेल द्या. मागे लाल दिवा दिवसाही चालू. पुढचा ओरडून सांगतो: "खड्डा!", "गाडी!", आणि तो आवाज शेवटच्यापर्यंत पोचवायचा.

पंक्चर प्रत्येकाला स्वतः काढता आलं पाहिजे, कारण शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत चालत नाही. दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप. जुनी ट्यूब काढली की नवीन लगेच घालू नका. टायरच्या आतून बोटं हळूच पूर्ण गोल फिरवा. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक रबरात तसंच रुतून बसलेलं असतं; बाहेरून दिसत नाही, बोटाला टोचतं. ते तिथेच राहिलं तर नवीन ट्यूबही पाच-दहा मिनिटांत पंक्चर होते. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून घाला म्हणजे ती पिळत नाही, आणि टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी हाताने चढवा. लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटते. मित्राची उसनी ट्यूब घेण्याआधी व्हॉल्व्हची लांबी बघा. खोल रिमला आखूड व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही.

घाम, पाणी, खाणं

हा भाग सगळ्यात जास्त शर्यती बिघडवतो. पुण्याच्या पहाटेच्या गारव्यात छान धावणारा माणूस गोव्याच्या दमट दुपारी कोलमडतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत रविवारचं धावणं सकाळी १० नंतर ठेवा, वेग कमी करून. अंगाला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. चक्कर, थंडी वाजणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर सराव तिथेच थांबवायचा, सावलीत नेऊन पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा.

स्वतःचा घाम मोजा. निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ६८.४ चे ६७.३ झाले आणि मध्ये पाऊण लिटर प्यालात, तर १.८५ लिटर घाम. दीड तासात म्हणजे ताशी सव्वा लिटरच्या आसपास. सगळा भरून काढायचा नसतो. पोट ताशी साधारण ६०० ते ८०० मिलि झेलतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोकादायक आहे. चौघांचे आकडे चार वेगळे येतील, एकाची बाटली दुसऱ्याला लागू करू नका.

घरचं पेय: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर (सपाट ५ मोठे चमचे), पाव छोटा चमचा मीठ, लिंबू. कोकमाचं आगळ घालणार असाल तर आधी चाखा. त्यात मीठ असतंच, वरचं मीठ तेवढं कमी करा. सायकलवर ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: पाऊण लिटर हे पेय आणि एक छोटं केळं, किंवा त्याऐवजी एनर्जी जेल. शेंगदाण्याची चिक्की सरावाला ठीक, शर्यतीत नको. दाण्यांमुळे जड होते आणि तोंड कोरडं असताना गिळवत नाही. दर २० मिनिटांनी घड्याळ लावून खा. धावताना पोट कमी झेलतं, म्हणून भर सायकलवरच. शर्यतीत जे खाणार तेच पाच-सहा शनिवार खाऊन पाहा.

शेवटचे पंधरा दिवस आणि शर्यत

पहिल्या आठवड्यात सराव ६० टक्के, दुसऱ्यात ४०. वेग तसाच, वेळ कमी.

रिकाम्या मैदानात टॉवेल अंथरून बदलाचा (पोहण्यावरून सायकलवर, सायकलवरून धावण्यावर) सराव करा: हेल्मेट डोक्यावर, पट्टा बंद, मगच सायकलला हात. पट्टा उघडा असताना सायकल उचलली तर नियमभंग होतो.

हिशोब लिहून ठेवा. पोहायला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून ५:३०, एकूण ८:३० अशी मर्यादा असते. त्या वर्षीच्या सूचनापत्रात पडताळून घ्या. पोहणं ५५ मिनिटं, बदल ८, सायकल २६ च्या वेगाने ३:२८, बदल ६, धावणं किमीला ७:१५ ने २:३३, असे मिळून ७:१० होतात. सव्वा तासाहून जास्त हाताशी राहतो, म्हणून पंक्चर झालं तरी घाई नको. धावण्याचे पहिले ३ किमी मुद्दाम हळू. सायकलनंतर पाय लाकडासारखे लागतात, १०-१५ मिनिटांत सुटतात.

मित्राबरोबर पूर्ण शर्यत जोडीने करायचा बेत आखू नका. दोघांची पोटं आणि पाय एकाच वेळी दगा देत नाहीत. फोन बॅगेत ठेवलेले असतील, म्हणून शर्यत संपल्यावर भेटायची जागा आदल्या दिवशी चालत जाऊन नक्की करा, आणि सगळ्यात आधी पोचणाऱ्याने तिथे ओआरएस, कोरडे कपडे आणि चपला घेऊन थांबायचं.