पथेटिक म्हणायच्या आधी एकदा ‘केविलवाणा’ लावून बघा

आमच्या ठाण्यात सगळंच पथेटिक असतं. घोडबंदरचं ट्रॅफिक पथेटिक, सोसायटीची लिफ्ट पथेटिक, सकाळची ठाणे-वाशी लोकल पथेटिक, परवा तर शेजारच्या वहिनींची साबुदाणा खिचडी गिचका झाली तर ती पण पथेटिक. म्हणायचं असतं फक्त ‘फारच वाईट’. मी पण तेच समजून चाललो होतो आणि महापेला जॉबला असताना यूकेच्या टीमला मेल टाकला की तुमचा रिस्पॉन्स पथेटिक आहे, डोक्यात एवढंच की बाबांनो दोन दिवस झाले, उत्तर द्या. तिकडून डायरेक्ट मॅनेजरला फोन. सरांनी मला पॅन्ट्रीत नेऊन विचारलं, “अरे तू त्यांची लायकी काढलीस, कळतंय का?” नव्हतं कळलं.

तर मुळात हा शब्द शिवीच नव्हता. ग्रीकमधे पॅथॉस म्हणजे दुःख, भोग, मनाला हलवणारी भावना. सिम्पथी तिथलाच, आपण रक्त तपासायला जातो त्या पॅथॉलॉजी लॅबमधला पॅथॉ पण तिथलाच. आधी पथेटिक म्हणजे काळजाला भिडणारं, आपल्याकडच्या करुण रसाच्या जवळपासचं काहीतरी. बीथोवनचा १७९९ साली छापलेला पियानो सोनाटा ‘पथेटीक’ नावाने ओळखला जातो, तो भंगार आहे म्हणून नाही! इंग्लिश लिटरेचरवाल्यांना पथेटिक फॅलसी आठवत असेल, जॉन रस्किनने १८५६ मधे आणलेली टर्म, म्हणजे आभाळ रडतंय वगैरे लिहून निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवणं. तिथे पण पथेटिक म्हणजे भावनेशी संबंधित, फालतू नाही.

पुढे कीव येण्यावरून गाडी घसरली ती कीव करण्याच्या लायकीचा इथपर्यंत. आता शब्दात दोन गोष्टी एकत्र बसल्यात, दया आणि तुच्छता, आणि वरून दुबळेपणा. हा दुबळेपणा आपल्याकडे सगळे विसरतात आणि खरी गंमत तिथेच आहे.

म्हणून मी एक सोपी टेस्ट करतो. पथेटिकच्या जागी ‘केविलवाणा’ टाकायचा आणि वाक्य उभं राहतं का बघायचं. २६ जुलै २००५ चा पाऊस केविलवाणा होता का? छे, तो भयानक होता, तिथे टेरिबल, हॉरिबल काय ते म्हणा. घोडबंदरचं ट्रॅफिक पण तसंच, ते अंगावर येतं, त्याची कीव कोण करणार. पण त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यात चार पेव्हर ब्लॉक कोंबून वर खडी पसरतात आणि पुढच्या सरीला सगळं बाहेर, तो प्रयत्न मात्र शंभर टक्के पथेटिक. केल्यासारखं दाखवलं आणि धड जमलंही नाही, अशा ठिकाणी हा शब्द फिट्ट बसतो. फुसकी कारणं, ओढूनताणून मारलेला जोक, पाच वर फिरवूनही वारा न देणारा पंखा.

माणसाला लावताना मात्र हात आवरा. ‘यू आर पथेटिक’ म्हणजे तू चुकलास असं नाही, तुझी कीव येते असं होतं, आणि चूक सुधारता येते, कीव केलेल्या माणसाने काय सुधारायचं? ज्युनिअरला, पोराला, नवऱ्याला तर नकोच (बायकोला म्हणायची कोणाची हिंमत असेल तर त्याने आपल्या जबाबदारीवर). ‘युअर रिपोर्ट इज पथेटिक’ यातही रिपोर्ट नावालाच, लागतं माणसालाच. स्वतःबद्दल बोला खुशाल. माझं हँडरायटिंग पथेटिक आहे म्हटलं की लोक हसतात, विषय संपतो.

उच्चार प-थे-टिक, जोर ‘थे’ वर, पॅ नाही आणि ठे पण नाही. अपथेटिक हा त्याचा उलटा शब्द नाही, त्याचा अर्थ ज्याला कशाचं काही पडलेलं नाही असा. आणि सिम्पथेटिक तर चांगला माणूस, घाईत सिम गाळू नका.

ऑफिस मेलमधे आणि तक्रारीत मी आता हा शब्द टाकतच नाही. सौम्य हवं असेल तर इनअ‍ॅडिक्वेट, थोडं कडक हवं असेल तर अनअ‍ॅक्सेप्टेबल. पण खरं सांगू का, विशेषणापेक्षा आकडा जास्त काम करतो. मागच्या महिन्यात लिफ्टवाल्यांना सेक्रेटरी काका ‘पथेटिक सर्व्हिस’ असं तीन उद्गारचिन्हं देऊन लिहायला निघाले होते, मी म्हटलं काका थांबा, एवढंच लिहा: लिफ्ट ४ दिवस बंद, ३ वेळा तक्रार केली, सातव्या मजल्यावर ८० वर्षांच्या आजी अडकून पडल्यात. काकांनी लिहिलं तसंच, फक्त उद्गारचिन्हं काही काढली नाहीत.