लाल मुंगी चावल्यास काय करावे

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील घरांत खिडकीच्या चौकटीतून लाल मुंग्यांची रांग थेट अंथरुणापर्यंत येते आणि रात्री चावा घेऊन झोपमोड करते.

१. मुंगी चिरडू नये, झटकून टाकावी; नंतर ती जागा साबणाने व गार पाण्याने धुवावी.

२. फडक्यात गुंडाळलेला बर्फ सुमारे 10 मिनिटे धरावा. खाज उरल्यास कॅलामाइन लोशन लावावे, पण नखे लावू नयेत, कारण फोड फुटला की जखम चिघळते.

३. मुंग्या ज्या वासाच्या मागावर चालतात तो पुसला जावा म्हणून रांगेची संपूर्ण वाट साबणाच्या पाण्याने पुसून काढावी आणि फट पांढऱ्या सिमेंटने बुजवावी; नुसत्या मुंग्या झाडून काही होत नाही, हा आमचा दरवर्षीचा अनुभव.

पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्ती चांगली असली, तरी त्यातील पाणी दर दोन दिवसांनी ओतून वाट्या घासाव्यात, अन्यथा त्यातच डेंग्यूचे डास वाढतात.

ओठ वा चेहरा सुजल्यास, अंगभर गांधी उठल्यास किंवा श्वास लागल्यास घरगुती उपाय करत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.